तळे गावाचे, वहिवाट कोणाची?

मंडळी, तुमच्यापैकी जे शेतकरी आहेत त्यांना 'वहिवाट' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. बांधावरून, विहिरीतल्या हिश्श्यावरून, नाहीतर गाडीवाटेवरून भांडण उभे राहिले की पहिला सवाल हाच: वहिवाट कोणाची? किती वर्षांची? साक्षीला कोण? कागद कुठे आहे? आज ज्या पाणवठ्याची हकीगत मी सांगणार आहे, तिचा बराचसा भाग याच शब्दाभोवती फिरतो. तो पाणवठा म्हणजे महाडचे चवदार तळे.

हे नाव तुम्ही ऐकलेले आहे. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळभर पाणी प्याले, ही गोष्ट गुरुजी वर्गात सांगतात आणि मुलांना ती पाठ असते. परंतु त्या दिवसाआधी ते तळे कोणाच्या मालकीचे होते, आणि त्या दिवसानंतर दहा वर्षे त्याचा दावा कोर्टात कसा चालला, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. मला मात्र ती फार शिकवणारी वाटते. कारण पाणी पिण्याच्या त्या गोष्टीला एक ठराव कारण झाला होता, आणि ठरावाला आधार होता तो सार्वजनिक पैशाचा.

आधी गाव पाहू. महाड सावित्री नदीवर वसले आहे, रायगड किल्ल्याच्या पायथ्याकडच्या मुलखात. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. १९८१ पासून त्यालाच आपण रायगड जिल्हा म्हणतो. समुद्राची भरती खाडीतून थेट या गावापर्यंत चढते, म्हणून जुन्या काळी गलबते महाडपर्यंत येत. वर घाटावर जाणारा माल इथे उतरायचा, घाटावरचा माल इथे भरला जायचा. त्यामुळे पेठ भरभराटीची. पण भरतीचे पाणी गाव वसवायला उपयोगी, प्यायला नाही. कोकणात पाऊस धो धो पडतो हे खरे. तो डोंगरावरून ओहोळांनी उतरतो आणि खाडीला मिळून जातो. वैशाखात बायकांच्या डोक्यावर हंडा तो आहेच. अशा गावात गोड्या पाण्याच्या मोठ्या तळ्याची किंमत काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. त्याचे नावच सांगते की पाणी चवीला चांगले होते.

या मुलखात पाण्याची सोय दगडात करून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. महाडच्या जवळच गांधारपाले येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका लेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने दिलेल्या दानाची यादी आहे. त्यात लेणे आहे, चैत्यघर आहे, राहण्याच्या खोल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर दोन 'पोढी'. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. दाता कोण आणि दिले काय, हे दगडावर लिहून ठेवले म्हणून आपल्याला सतरा-अठरा शतकांनंतरही कळते. लिहून ठेवण्याचा हा मुद्दा ध्यानात असू द्या, कारण चवदार तळ्याची अडचण नेमकी तिथेच आहे. ते कोणी बांधले आणि कधी बांधले, याचा एकही कागद किंवा शिळा नाही.

तळे लहानसहान नव्हे. चार ते पाच एकरांचा विस्तार. पाणी मुख्यतः पावसाचे, त्याला पोटातल्या झऱ्यांची जोड. काठ बांधून काढलेले, उतरायला जागोजाग पायऱ्या. काठालगत खाजगी मालकीच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या. त्यांच्यापलीकडे तळ्याला वेढा घालणारा म्युनिसिपालिटीचा रस्ता. आणि रस्त्यापलीकडे घरे. ही घरे बहुतेक सगळी सवर्ण हिंदूंची, थोडी मुसलमानांची. म्हणजे तळे सार्वजनिक, पण बसलेले एका वस्तीच्या मधोमध. पुढे जो वाद झाला त्याचे बीज या नकाशातच होते, असे मला वाटते. दारासमोर रोज दिसणारी वस्तू माणसाला हळूहळू आपलीच वाटू लागते.

१८६० नंतरच्या दहा वर्षांत महाडला म्युनिसिपालिटी झाली, आणि सरकारने हे तळे तिच्या हवाली केले. तेव्हापासून देखभाल तिची. म्युनिसिपालिटीचा पैसा म्हणजे कोणाचा? गावाचा. पण पाणी सगळ्या गावाला मिळत नव्हते. सवर्ण हिंदू भरत, मुसलमान भरत. गुरेढोरेही काठाशी तोंड लावत. ज्यांना त्या वेळच्या भाषेत 'अस्पृश्य' म्हणत, त्यांनी मात्र पायरी उतरायची नाही.

आता खेड्यातून महाडला येणाऱ्या माणसाची स्थिती पाहा. महाड हे तालुक्याचे ठाणे. गावकामगार महार वतनदार. त्याने गावचे टपाल घेऊन मामलेदार कचेरीत यायचे, पाटील-कुलकर्ण्यांनी गोळा केलेला सरकारी वसूल आणून भरायचा. दहा-बारा मैल चालून तो येणार, कचेरीच्या दारात ताटकळत उभा राहणार. त्याने आणलेला वसूल तिजोरीत जमा होई, त्या पैशाला विटाळ नसे. पण तहान लागली तर बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळण्याजोगी सार्वजनिक जागा गावात एकच होती, ती म्हणजे हे तळे, आणि तेच त्याला बंद. उरली महारवाड्यातली एक विहीर. ती पेठेपासून लांब, आणि म्युनिसिपालिटीने तिच्याकडे लक्ष न दिल्यामुळे गाळाने भरलेली. तळे आणि ही विहीर, दोन्हींची जबाबदारी एकाच संस्थेवर होती.

या मुलखातली माणसे मुकाट बसणारी मात्र नव्हती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला इतर सभासद नाखूष होते. याआधी पुण्यात महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला होता. पण तो हौद त्यांचा स्वतःचा होता. स्वतःचे पाणी देणे हे मोठ्या मनाचे काम. सार्वजनिक पाणी मिळणे ही वेगळी गोष्ट, तिथे कोणाच्या मनाचा मोठेपणा मध्ये येण्याचे कारण नाही. हा फरक मुंबईच्या कायदे कौन्सिलात एका माणसाने नेमका पकडला. त्यांचे नाव सीताराम केशव बोले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. त्याचा मतलब असा, की ज्या पाणवठ्यांची, विहिरींची आणि धर्मशाळांची बांधणी किंवा देखभाल सार्वजनिक पैशातून होते, किंवा ज्यांचा कारभार सरकारने नेमलेल्या अगर कायद्याने स्थापन झालेल्या संस्था पाहतात, त्या सर्व अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्याव्यात; तसेच शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही. बघा, यात धर्माचा शब्द नाही, दयेचा नाही. पैसा कोणाचा आणि कारभार कोणाचा, एवढाच प्रश्न. सरकारने सप्टेंबरमध्ये आपल्या खात्यांना आणि स्थानिक संस्थांना तसे कळवले. बऱ्याच ठिकाणी कागद दप्तरात जाऊन पडला. म्हणून १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी आणखी एक ठराव आणला: ज्या म्युनिसिपालिट्या आणि बोर्डे हे अमलात आणणार नाहीत, त्यांचे अनुदान बंद करा.

महाडच्या म्युनिसिपालिटीने मात्र कागद दडपला नाही. १९२४ च्या जानेवारीत तिने ठराव केला, की अस्पृश्यांनी तळ्याचा वापर करण्यास म्युनिसिपालिटीची हरकत नाही. गावचे सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना सुरबानाना म्हणत, ते या बाजूचे होते. पुढे सत्याग्रहाच्या वेळी ते नगराध्यक्ष होते आणि उघडपणे आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. ठराव तर झाला. पण तीन वर्षांत एकही माणूस पायरी उतरला नाही. कसा उतरणार? म्युनिसिपालिटीची हरकत नसली तरी काठावरच्या घरांची होती, आणि रात्री आपल्या गावी परत जायचे होते, दुसऱ्या दिवशी त्याच पेठेत मीठ-मिरची घ्यायची होती. ठरावाची शाई या भीतीपुढे टिकत नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तिथल्याच तरुणांनी तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत काही हजार माणसे आली. कित्येक शंभर मैलांवरून, खांद्यावर भाकरीचे गाठोडे टाकून. आणि या माणसांना प्यायला पाणी? ते विकत घ्यावे लागले. परिषदेच्या चालकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी घेतले. मंडळी, हाकेच्या अंतरावर चार-पाच एकरांचे तळे भरलेले आहे, तीन वर्षांपूर्वीचा ठराव दप्तरात आहे, आणि पाणी मोजून पैसे देऊन आणले जात आहे. पुढे जे झाले ते का झाले, हे समजायला मला तरी हा चाळीस रुपयांचा हिशेब पुरेसा वाटतो.

दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली असताना अनंतराव चित्रे उठले आणि म्हणाले की आपण सर्वांनी आता तळ्यावर जाऊ आणि म्युनिसिपालिटीचा ठराव अमलात आणू. लोक उठले. रांगा करून, शिस्तीने, भर पेठेतून मिरवणूक निघाली. आंबेडकर पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. मग बाकीचे प्याले आणि शांतपणे मंडपाकडे परतले. इथपर्यंत दंगा नव्हता. दोनेक तासांनी गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला. जेवायला बसलेल्यांना मारले, अन्न मातीत मिसळले, गावी परतणाऱ्यांना वाटेत गाठले. आलेल्यांत लष्करातले जुने शिपाई पुष्कळ होते; हात उगारायला ते तयार होते. आंबेडकरांनी त्यांना आवरले. कित्येक जबर जखमी झाले. काही सवर्णांवर खटला होऊन जूनमध्ये पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

तळ्याचे काय झाले? ते बाटले असे ठरले, आणि शुद्धी झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या, आणि पाणी पुन्हा पिण्यालायक झाले असे जाहीर केले. एप्रिलच्या ३ तारखेला आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले, आणि त्यातून या साऱ्या प्रकाराचा समाचार घेतला.

याहून वाईट गोष्ट कागदावर झाली. ४ ऑगस्ट १९२७ ला महाड म्युनिसिपालिटीने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तारीख पाहा: बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. मारहाणीच्या जखमा भरतात. पण ज्या एका ओळीच्या आधाराने माणसे तळ्यावर गेली, ती ओळच खोडून टाकली गेली. आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला तो यावरच.

या वेळी विरोधकांनी काठीऐवजी कोर्ट धरले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात आंबेडकर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांवर दावा दाखल झाला. मागणी अशी, की हे तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे असे ठरवून द्यावे, आणि अस्पृश्यांना तिथे जाण्यास कायमची मनाई करावी. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

२५ डिसेंबरला परिषद सुरू झाली. गावातल्या हिंदूंपैकी कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. महाडच्या दुकानदारांनी शिधा नाकारला, तो बाहेरून आणला. त्या रात्री मनुस्मृतीची होळी झाली; तिच्यावर एक वेगळे भाषणच करावे लागेल, आज मी तळ्यापाशीच थांबतो. हजारो माणसे तळ्यावर जायच्या तयारीने आली होती, आणि समोर कोर्टाचा हुकूम. जिल्ह्याचे कलेक्टर सभेत येऊन समजावून गेले. रात्रभर खल झाला. शेवटी आंबेडकरांनी लोकांना सांगितले की सरकारशी आपले भांडण नाही, दावा आपण लढू आणि जिंकू. २७ डिसेंबरला सर्वांनी तळ्याभोवतीच्या रस्त्याने मिरवणूक काढली. आतल्या अंगाला पाणी, बाहेरच्या अंगाला दारे लावून बसलेली घरे. पूर्ण फेरी झाली आणि एकानेही पाण्याला हात लावला नाही. मार्चमध्ये पाणी प्याले त्यापेक्षा हे न पिणे अवघड होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता दाव्याकडे वळू. १९२८ च्या फेब्रुवारीत मनाई हुकूम उठला, पण दावा चालूच राहिला. तळे खाजगी आहे हे म्हणणे टिकणे कठीण होते, कारण म्युनिसिपालिटीचा साठ वर्षांचा ताबा उघड होता. म्हणून सारा भार आला वहिवाटीवर. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरत आलो, हे लोक कधीच भरत नव्हते, म्हणून त्यांना बंदी हाच आमचा मामूल, हाच आमचा हक्क.

८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने निकाल दिला. तळे म्युनिसिपालिटीचे आहे. फार दिवसांची चाल आहे हेही खरे. पण एकाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला हक्क पैदा होत नाही. हे आपल्या शिवारातल्या भाषेत सांगतो. सरकारी पाणंदीवरून तुम्ही रोज बैलगाडी नेता, आणि तुमच्या शेजाऱ्याने आजवर कधी नेली नाही; म्हणून पाणंद तुमच्या एकट्याची होत नाही. फिर्यादी अपिलात ठाण्याला गेले. ३० जानेवारी १९३३ ला तिथेही हरले. तिथून मुंबईच्या हायकोर्टात. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि पुढे बारडोलीच्या शेतसाऱ्याची चौकशी केली.

हायकोर्टाचे म्हणणे थोडक्यात असे: मामूल म्हणून कायद्याने मानायचा, तर तो स्मरणापलीकडच्या काळापासूनचा असल्याचे सिद्ध व्हावे लागते. म्युनिसिपालिटीच्या अमदानीतला वापर त्याला पुरत नाही, आणि त्याआधीचा मामूल फिर्यादींना सिद्ध करता आला नाही. असा मामूल न्याय्य आहे की नाही, या प्रश्नात शिरण्याची मग गरजच उरली नाही. काहींना हा निकाल कोरडा वाटतो. माणुसकीचा एक शब्द कोर्टाने बोलायला हवा होता, असे ते म्हणतात. मला त्या कोरडेपणाचे मोल वाटते. 'हे असेच चालत आले आहे' असे ठणकावून सांगणाऱ्याला कोर्टाने 'दाखवा' म्हटले, आणि त्याला दाखवता आले नाही. ज्यांनी तळे बांधले त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. मग ते आमच्यासाठीच बांधले, असे कोणी कशाच्या बळावर म्हणावे?

१९२३ चा ठराव, १९२४ चा ठराव, १९२७ ची ओंजळ आणि १९३७ चा निकाल. एका गावच्या एका पाणवठ्याची पायरी उतरण्याचा हक्क कागदावर पक्का व्हायला चौदा वर्षे लागली. महारवाड्यातल्या त्या गाळाच्या विहिरीचे पाणी प्यायलेली कितीतरी माणसे निकाल ऐकायला हयात नसतील.

२६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. ज्यांची राखण पूर्णपणे किंवा काही अंशी सरकारी पैशातून होते, किंवा ज्या सर्वांसाठी म्हणून दिलेल्या आहेत, तिथे धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. गुरुजी, हे कलम आणि बोल्यांच्या ठरावाचा मतलब वर्गात एकापाठोपाठ एक वाचून दाखवा, आणि दोन्हींत सारखे काय आहे ते मुलांना शोधू द्या. बहुतेक मुले 'विहीर' म्हणतील. एखादे 'पैसा' म्हणेल. मग त्याच मुलाला ग्रामपंचायतीत पाठवा, आणि आपल्या गावच्या पाणवठ्याची शेवटची दुरुस्ती कोणत्या साली आणि कोणाच्या पैशाने झाली, ते वहीत लिहून आणायला सांगा.